आजोबांनी गाडी चालवायची की नाही

३ मार्च, सोमवार

तुझ्या डोक्याला झाकण नाही हे मला तू रांगत होतीस तेव्हापासून माहीत आहे, म्हणून आधीच आठवण करून देते: ही वही तूच दिलीस. जाताना मोजे विसरलीस, चार्जर विसरलीस, आणि दारातून वळून म्हणालीस, "आजी, आजोबा दवाखान्यातून आलेत, रोजचं लिहून ठेव, मी आले की वाचीन." मला अक्षर येत नाही हेही विसरलीस. लहानपणी पुस्तकातली चित्रं बघून मी तुला गोष्टी रचून सांगायचे, त्या तुला वाचलेल्या वाटल्या असतील. वाटू दे.

तर हा हात वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचा आहे. शाळा सुटून वर्षं झाली, पण त्यांचं लाल पेन सुटलेलं नाही. मी बोलते, त्या लिहितात आणि मध्येच माझं वाक्य सरळ करायला बघतात. मी म्हटलं, वाकडंच राहू द्या, नातीला ओळख पटली पाहिजे. आणखी एक. हे तुझ्या बापाला दाखवायचं नाही. तो येईल, किल्ली खिशात घालील आणि जेवून परत जाईल.

आजोबा ठीक आहेत. मेंदूचा झटका आला तसा गेला. हात चालतात, पाय चालतात, जीभ तर आधीपेक्षा जास्त चालते. घरी सोडताना दवाखान्याने कागद दिला, तो मास्तरीणबाईंनी वाचून दाखवला. मीठ कमी, चालणं रोज, गोळ्या अमुक वेळेला. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "वाहन चालवणे: नियमांप्रमाणे." मी म्हटलं, पुढे वाचा. त्या म्हणाल्या, पुढे सही आहे.

नियमांप्रमाणे हो की नियमांप्रमाणे नाही, ते काही लिहिलेलं नाही. आता हे कुणाला विचारायचं?

मला घाई आहे ती ताईमुळे. माझी ताई तलावापलीकडच्या वृद्धाश्रमात आहे हे तुला आठवत असेल, नसेल तर आता आठव. तिकडे बस जात नाही. टॅक्सीवाले नाक मुरडतात, परत येताना गिऱ्हाईक मिळत नाही म्हणतात. दर मंगळवारी आजोबा मला घेऊन जायचे. ताई आता कुणालाच ओळखत नाही, मलासुद्धा कधी आई म्हणते कधी बाई. पण केस मात्र माझ्याशिवाय कुणाला विंचरू देत नाही. हे दवाखान्यात होते तेव्हापासून मी गेलेले नाही. उद्याचा मंगळवारही जाणार.

६ मार्च, गुरुवार

परिवहन कार्यालयात जाऊन आलो. बसने गेलो. गाडी चालवायची परवानगी आहे का हे विचारायला गाडी चालवत जाणं मला बरं दिसेना.

पहिल्या खिडकीत एक टक्कलवाला बसला होता. त्याच्याशी माझं जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहा म्हटलं मास्तरीणबाईंना.

"परवाना आहे ना, आजी?"

"आहे."

"मुदत संपली नाही ना?"

"नाही."

"मग झालं."

"म्हणजे चालवायला हरकत नाही?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग हरकत आहे?"

"तसंही मी म्हटलं नाही. आजारपणाचं त्या टोकाच्या खिडकीत."

त्या टोकाच्या खिडकीतल्या बाईने कागद बघितला. दवाखान्याने चालवू नका असं लिहिलेलं नाही, म्हणाली. मी म्हटलं, मग चालवू द्या. ती म्हणाली, चालवा असंही लिहिलेलं नाही. लिहून आणा. मी विचारलं, लिहून आणेपर्यंत काय? तिने आमचा नाव-पत्ता लिहून घेतला आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

हे बाहेर बाकावर बसले होते. मी दिसताच उठले. "काय म्हणाले? नाही म्हणाले?" मी म्हटलं, नाही म्हणाले नाहीत. तेव्हा ते परत बसले आणि बुटांकडे बघत राहिले. केवढा जीव टांगणीला लागला असेल. आयुष्यभर बेकरीची गाडी चालवली माणसाने, धुक्यात, पावसात, एक पाव कधी चेपू दिला नाही. त्याला आता खिडकीतल्या माणसांच्या तोंडाकडे बघावं लागतंय.

७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात परत गेलो. मोठे डॉक्टर म्हणाले, मी मेंदूचा. नजरेचं नजरेवाले सांगतील आणि कायद्याचं कायदेवाले. मी म्हटलं, आणि नवऱ्याचं? ते हसले. कागदावर मात्र काही लिहिलं नाही.

आल्यावर भांडी तशीच टाकून आडवी झाले.

११ मार्च, मंगळवार

गेलो एकदाचे.

कुणीच नाही म्हटलं नाही, म्हणजे जायला हरकत नाही, असा अर्थ मी काढला. मास्तरीणबाई म्हणाल्या, असा अर्थ निघत नाही. निघत नसेल. पण त्यांची बहीण तलावापलीकडे नाही.

फाटकातून निघतानाच डाव्या बाजूचा आरसा खांबाला लागून लोंबकळला. हे म्हणाले, रंगाऱ्यांनी खांबाला रंगाचे थर देऊन देऊन जाड केलाय. मलाही तो जाडच वाटला. रंगारी जिन्यात भेटला तेव्हा त्याला दोन शब्द सुनावले. तो बिचारा बघतच राहिला.

बाकी गाडी छान चालवली. जरा हळू, जरा रस्त्याच्या मधून, मागचे लोक भोंगे वाजवत होते, पण लोकांना कुठे धीर असतो. मी त्यांच्या डावीकडे नेहमीच्या जागेवर. मला पाट्या वाचता येत नाहीत, पण गोल पाटी, तिकोनी पाटी, लाल काठाची पाटी हे मी पूर्वीपासून सांगत आले आहे. आता डावीकडचंही सांगते. डावीकडे सायकल, डावीकडे खड्डा. ते म्हणतात, हो हो, दिसली. सायकलला दिसली म्हणतात आणि खड्ड्यालाही दिसली म्हणतात.

संत्र्यांचं तुला आठवतं का? मागच्या सीटवर बसून तूच जास्त खायचीस. संत्रं मी सोलायचं आणि एकेक फोड त्यांना द्यायची, म्हणजे त्यांची झोप उडते. पूर्वी माझ्या बोटांतून फोड पटकन उचलायचे. आता तळहात उघडून तसाच धरतात, मी ठेवेपर्यंत. लाडावलेत.

आणि एक गंमत सांगते. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा हात कधी चारचौघांत धरला नाही. आता दर सिग्नलला त्यांचा हात चाचपडत येतो, माझ्या दंडाला लागतो, आणि म्हणतात, "आहेस ना?" मी म्हणते, चालत्या गाडीतून कुठे जाऊ? झटक्याने माणूस प्रेमळ होतो का, असं मास्तरीणबाईंना विचारलं. त्यांनी पेन झटकलं. पेन अडतंय म्हणाल्या.

ताईच्या केसांचा गुंता झाला होता. तिकडची सेविका म्हणाली, आम्ही फणी घेतली की त्या हात झटकतात. तुम्ही येणार नसाल तर केस बारीक कापावे लागतील. ताईच्या केसांवरून आमच्या आईच्या घरात भांडणं व्हायची, इतके लांब. मी हळूहळू सगळे सोडवले. ती म्हणाली, "कुठे होतीस?" मी म्हटलं, खिडक्यांसमोर.

१४ मार्च, शुक्रवार

आज डोळ्यांची डॉक्टरीण. तरुण आहे, गोड आहे, आणि तिच्याकडेही उत्तर नाही.

भिंतीवरची अक्षरं ह्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. मला वाचायला लावलं असतं तर मी पहिल्या ओळीलाच नापास. ती म्हणाली, समोरची नजर छान आहे. बाजूची नजर तपासायला निराळं यंत्र लागतं, ते दुरुस्तीला गेलंय. कधी येईल? सांगता येत नाही. मग तोपर्यंत गाडी? तो निर्णय आमच्याकडे नसतो, आजी.

तेवढ्यात हेच पुढे झुकले. "डॉक्टर, तुम्ही नको म्हणालात तरी मला चालेल."

मी त्यांना कोपराने ढोसलं. कुणी आपणहून फास गळ्यात अडकवून घेतं का? डॉक्टरीण म्हणाली, तपासल्याशिवाय मी नको कशी म्हणू? हे म्हणाले, नाही, आपलं सांगून ठेवतो. भिडस्तपणा, दुसरं काय. समोरच्याला संकोच नको म्हणून आपलं नुकसान करून घ्यायचं, हा त्यांचा जुना स्वभाव.

बाहेर पडताना डावा खांदा चौकटीवर आदळला. हल्ली दरवाजे फार अरुंद करतात.

१८ मार्च, मंगळवार

गेलो, आलो. ताई शांत होती. येताना एकाने गाडी शेजारून काढताना काच खाली करून मला शिव्या दिल्या. मला का दिल्या कोण जाणे, चालवत तर हे होते. बहुतेक मी त्याला दिसले असेन.

१९ मार्च, बुधवार

चौकात वाहतूक पोलीस उभा असतो, मिशीवाला. भाजी घ्यायला गेले तेव्हा त्याला गाठलं. म्हटलं, झटक्यातून उठलेल्या माणसाने गाडी चालवली तर कायदा काय म्हणतो? त्याने शिट्टी तोंडातून काढली. "आजी, पकडलं तर गुन्हा. नाही पकडलं तर प्रवास." मी म्हटलं, पकडणार कधी? तो म्हणाला, काहीतरी झाल्यावर.

दुपारी मास्तरीणबाईंच्या फोनवरून विम्याच्या लोकांना फोन लावला. फोनमधली बाई म्हणे एक दाबा, मग म्हणे चार दाबा, मग बराच वेळ बाजा वाजवला. शेवटी जिवंत मुलगी बोलली. अपघात झाल्यानंतर दावा आला की आम्ही पात्रता ठरवतो, म्हणाली. मी म्हटलं, मुली, आधी ठरवलंस तर अपघात होणारच नाही ना. बिचारी चांगली होती. म्हणाली, त्यासाठी आमच्याकडे बटण नाही.

खिडकीवाला म्हणतो डॉक्टरला विचारा. डॉक्टर म्हणतो खिडकीत विचारा. पोलीस आणि विमावाले म्हणतात, होऊ दे आधी. मी दमले आहे. उत्तर हो असो की नाही, मला पाठ टेकता येईल असं काहीतरी हवं आहे.

मास्तरीणबाई म्हणतात, खरंच दोन्हीपैकी काहीही चालेल का, काकू? प्रत्येक ठिकाणी तुम्ही प्रश्न असा विचारता की हो यावं. मी म्हटलं, तुम्ही लिहायचं काम करा.

त्यांनी हेही लिहिलंय. बघते मी त्यांच्याकडे.

२३ मार्च, रविवार

आज विशेष काही नाही. गुडघे दुखतात.

ह्यांची भूक कमी झाली आहे. ताटात टाकतात. बटाटे संपवतात, पाव संपवतात, शेंगांची भाजी तशीच. शेंगा तर ह्यांना किती आवडायच्या. मी बोलले की म्हणतात, अगं, वाढल्याच कुठे होत्यास? आणि ताट बाजूला सारतात. विसरायला लागलेत. तू त्यांच्यावर गेली आहेस.

मास्तरीणबाईंनी विचारलं, शेंगा कुठे वाढता? मी म्हटलं, ताटात, आणखी कुठे वाढतात? त्या म्हणाल्या, ताटात कुठल्या बाजूला? डावीकडे, म्हटलं, हाताला सवय आहे. त्या म्हणाल्या, एकदा उजवीकडे वाढून बघा, काकू. मी म्हटलं, ताटाची दिशा ठरवायला आता आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरणार का?

पेन पुन्हा अडलं. नवीन घ्या म्हटलं एक.

२५ मार्च, मंगळवार

आज लिहायचं नव्हतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, आजच लिहायचं.

तलावाजवळचं वळण. ढगाळ होतं. मी मान खाली घालून संत्रं सोलत होते, साल एका तुकड्यात निघावी म्हणून. मान वर केली तर रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर, डावीकडे, एक बाई बाबागाडी घेऊन रस्त्यात आलेली. तिला वाटलं आम्ही थांबतोय. कुणालाही वाटेल, तिकडे सगळे थांबतात. आम्ही थांबत नव्हतो.

मी म्हटलं, "थांबा." ओरडले नाही.

त्यांनी ब्रेक दाबला. त्यांचा पाय अजून तसाच आहे, बेकरीच्या गाडीवरचा. गाडी जागच्या जागी उभी. बाईने एक हात आमच्या गाडीच्या नाकावर ठेवला होता, जणू तिनेच अडवली. बाबागाडीतलं मूल झोपलेलं होतं. त्याच्या पायातला एक मोजा निघून लोंबत होता, तो मला एवढा स्पष्ट दिसला.

हे समोर बघत म्हणाले, "काय झालं? कोणी होतं का?"

ती बाई तिथेच होती. गाडीवर हात ठेवून थेट ह्यांच्याकडे बघत होती. आणि हे विचारत होते, कोणी होतं का.

मग मागून कुणीतरी भोंगा वाजवला, ह्यांनी मान पुरती डावीकडे वळवली आणि त्यांना ती दिसली. त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी सांगणार नाही. बाई काही न बोलता पलीकडे गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

ताईकडे गेलो. मधूनच परत कसं फिरणार. विंचरताना फणी गुंत्यात अडकली, ती मी तशीच ओढली. ताई म्हणाली, "हळू." परत येताना मी सगळ्या वाटेवर डावीकडेच बघत राहिले, मान अवघडली. हे म्हणाले, ऊन डोळ्यावर आलं. मी हो म्हटलं. सकाळपासून ऊन नव्हतं.

संत्रं सीटखाली गेलं ते तिथेच आहे.

२६ मार्च, बुधवार

दुपारी एक संत्रं सोललं. फोडी ताटलीत सगळीकडून गोल मांडल्या, फुलासारख्या, तू लहान असताना मांडायचे तशा. ह्यांच्यापुढे ठेवल्या आणि समोर बसले. ह्यांनी उजव्या बाजूच्या खाल्ल्या, एकेक करून, निवांत. मग बोटं पुसली. "आज अर्धंच आणलंस?"

मी हात पुढे केला. ताटली धरली आणि फिरवली.

त्यांनी फोडींकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुन्हा फोडींकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दवाखान्यातून आल्यापासून." ते ताटलीची कड चोळत राहिले. "तिकडे काळं वगैरे काही नाही दिसत. तिकडे काही नसतंच. गाडीत तू बसतेस ना, तर तू नसतेस. हात लावला की असतेस."

ऐक पोरी, मी पंधरा दिवस ह्या माणसाला प्रेमळ झालात म्हणून चिडवत होते. ते हसत होते.

मी म्हटलं, बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तुझी ताई आहे ना तिकडे." मग म्हणाले, "मला वाटलं, कुणीतरी नाही म्हणेल. तू इतक्या जणांना विचारत होतीस. मी आपला वाट बघत होतो. एकानेही म्हटलं नाही गं."

मला तेव्हा ते बाकावरून उठणं आठवलं. काय म्हणाले, नाही म्हणाले? मला वाटलं होतं ह्यांना भीती वाटतेय. त्यांना आशा वाटत होती.

सगळ्या खिडक्या हिंडून आले मी. सगळे शिकलेले, सगळ्यांपुढे शिक्के. मला सही येत नाही, अंगठा येतो. तरी म्हटलं.

"मी म्हणते," म्हटलं. "नाही. आजपासून गाडी चालवायची नाही."

त्यांनी श्वास सोडला. जिना चढून आल्यावर हातातली पिशवी खाली ठेवतो तसा. खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि राहिलेल्या फोडी खाल्ल्या.

किल्ली साखरेच्या डब्यात टाकली आहे. साखर त्यांना बंद आहे.

मास्तरीणबाईंनी हे लिहिताना नाक ओढलं. सर्दी म्हणाल्या. पेन मात्र आज नीट चालतंय.

१ एप्रिल, मंगळवार

आजचा मंगळवार गेला. घरातल्या घरात फिरत राहिले. ताई फणी झटकत असेल. हे म्हणाले, तूच शिक गाडी. मी म्हटलं, परवान्याच्या परीक्षेत वाचायला लागतं, आणि ह्या वयात मी आणखी एका खिडकीसमोर उभी राहणार नाही.

शेवटी मास्तरीणबाईंनी वृद्धाश्रमात फोन लावून दिला. सेविकेला म्हटलं, केस कापू नका, मी काहीतरी करते. ती म्हणाली, काय करणार? मी म्हटलं, ते विचारू नकोस, मला उत्तरं द्यायची सवय नाही, प्रश्नांचीच आहे. ती हसली. मग म्हणाली, आमच्या चादरी धुवायला तुमच्याच बाजूला येतात. दर मंगळवारी धुतलेल्या चादरींची गाडी सकाळी निघते आणि मळलेल्या घेऊन दुपारी परत जाते. बोलून बघते.

८ एप्रिल, मंगळवार

लॉन्ड्रीची गाडी फाटकाशी आली. चालवणारा जाडजूड, कानात बाळी, पहिल्या क्षणापासून मला मावशी म्हणतो. पुढे तिघं बसतील एवढी लांब सीट आहे. हे म्हणाले, मीही येतो, घरात बसून काय करू. मी तोंड उघडलं, माणसं न्यायची परवानगी आहे का म्हणून विचारायला. त्या पोराने हात वर केला. "मावशी, विचारू नका. विचारलंत की मला कुणालातरी विचारावं लागेल."

एवढं स्पष्ट उत्तर मला इतक्या दिवसांत कुणी दिलेलं नव्हतं. चढले.

मास्तरीणबाई विचारतात, हे लिहू का? लिहा. पकडलं तर बघू.

ह्यांना मी आधी बसायला लावणार होते. मग लक्षात आलं. मधे मी बसले, ड्रायव्हरला लागून, आणि हे माझ्या डाव्या अंगाला, दाराशी. म्हणजे मी त्यांच्या उजवीकडे. लग्न झाल्यापासून गाडीत मी कधी ह्या बाजूला बसलेले नव्हते. गाडीभर साबणाचा वास, मागे चादरींची गाठोडी, आणि सिग्नल आला तरी ह्यांचा हात चाचपडत आला नाही. जरा चुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. वळून बघितलं तर हे माझ्याकडेच बघत होते. सगळी वाट. तलाव आला, वळण आलं, त्या पट्ट्या आल्या, तरी माझ्याकडेच.

मी म्हटलं, "काय बघताय एवढं?"

म्हणाले, "दिसतेस."

तो पोरगा समोर बघून चालवत होता, पण कान आमच्याकडे. लाजले मी, ह्या वयात.

ताईचे केस आहेत. पुष्कळ गुंता होता, वेळ लागला, चादरी उतरवायलाही वेळ लागला, जमून आलं. ताईने विचारलं, हा कोण? मी म्हटलं, माझा नवरा. ती म्हणाली, तो तर गाडी चालवतो ना? हे म्हणाले, चालवत होतो, आता सोबतीला असतो.

संध्याकाळी मास्तरीणबाई म्हणाल्या, परिवहन कार्यालयाचं पत्र आलं आहे. वाचलं त्यांनी. आपल्या चौकशीची नोंद घेतली असून नियमांप्रमाणे कळवण्यात येईल. मी म्हटलं, चहा ठेवते, बसा.

तर ही सगळी पानं मास्तरीणबाई फोटो काढून तुला आजच पाठवणार आहेत. तू येऊन वही उघडशील तोवर कोण थांबणार? तुझ्या बापाला किल्लीचं सांग हवं तर, आता सांगायला हरकत नाही. डबा कुठला ते सांगू नकोस.

आणि पाठवायचंच असेल काही, तर मागच्या वेळची ती डब्यातली बिस्किटं नकोत, आजोबांना साखर चालत नाही हे तू विसरणार आहेसच. संत्री पाठव. पिशवीभर, सालीसकट, सोलून मी देईन. लहान बघून घे, गुळगुळीत, ताटलीत ठेवली की घरंगळणारी. ताटली जरा कलती धरली की डावीकडची आपोआप उजवीकडे येतात.